विळी, सुरी आणि धार : मागची गोष्ट

टोमॅटो चिरायला घ्यावा तर साल दबते, रस ओट्यावर सांडतो आणि सुरी घसरून बोटावर येते. मग कपाच्या बुडावर चार वेळा घासायची. तेवढ्यापुरतं भागतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. मराठवाड्यात घरोघरी ऐकू येणाऱ्या या वैतागाचं मूळ शोधायला ओट्यावरून खाली, विळीपाशी यावं लागतं.

विळीचं पातं जागेवर उभं असतं, चालतो तो हात. पाट पायाखाली दाबला की भाजी दोन्ही हातांनी पात्यावर लोटायची. जोर अंगाचा असतो, म्हणून थोडं बोथट पातंही भागवून नेतं. सुरीला ही सवलत नाही. गॅस आला, ओटा झाला, बसून चिरणाऱ्या बायका उभ्या राहिल्या, पण बोटं आत वळवून भाजी कशी धरायची हे त्यांना कुणी दाखवलंच नाही. माझी आई अजून कांदा तळहातावर धरून सुरी अंगठ्याकडे ओढते. त्या अंगठ्याच्या पेरावर बारीक काळ्या रेघांची जाळी आहे. ती पाहिली की मला वाईट वाटतं.

शिवाय धार लावणं हे घरातल्या बाईचं काम कधी नव्हतंच. ते बलुतेदार लोहाराचं. खळ्यावर ज्वारीचा वाटा न्यायचा आणि वर्षभर इळे, खुरपी, कुऱ्हाडी पाजवून द्यायच्या. बाजाराच्या गावी घिसाड्यांचं, म्हणजे फिरत्या लोहारांचं, बिऱ्हाड उतरायचं: बाप्याच्या हाती सांडशी, बाई घण घालणारी, पोरगं भात्यावर. पातं लाल करून ठोकायचं, मग धारेला पाणी द्यायचं, म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून कडक करायची. पाणी नीट बसलं नाही तर धार वाकते, जास्त झालं तर तिचा कपचा उडतो.

पोलादाची जाण या मुलखाला जुनी. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला मुशीत पोलाद गाळत, आणि ते न्यायला थेट इराणचे व्यापारी येत. शस्त्रं घासून उजळणारे ते शिकलगार; हे नावच झिलईच्या फारसी शब्दावरून आलेलं.

मग स्टेनलेस आलं. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद गंजेना. पण त्याच्या पहिल्या सुऱ्या पाहून लोकांनी ‘न कापणाऱ्या सुऱ्या’ म्हणून त्यांची टर उडवली. चांगलं स्टेनलेस आज उत्तम कापतं. आपल्या बाजारातल्या स्वस्त सुरीचं पातं मात्र मऊ असतं, त्याची धार झिजण्याआधीच दुमडते.

त्यावरचे उपायही फसवे. शहाबादी फरशी चुनखडीची, पोलादाहून मऊ. तिच्यावर कितीही घासा, धार बसत नाही. सायकलवर साण घेऊन येणाऱ्यानं कोरडीच सुरी दाबून धरली की ठिणग्या उडतात, कड निळी पडते. ती निळी पडली म्हणजे पाणी उतरलं, आणि ते घरी परत चढवता येत नाही.

आमची विळी घिसाड्याच्या हातची. लिंबू चिरून तशीच ठेवली तर सकाळपर्यंत तांबूस पडते. पण कुरुंदाच्या दगडावर पाणी शिंपडून दोन्ही अंगांनी दहा-दहा हात फिरवले, की कोथिंबीर न चुरडता कापते.