सक्तीची सुरुवात आणि मुक्त भटकंती (रोल-प्लेइंग गेम)

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू एक पात्र घेतो, लेव्हल-लेव्हलने त्याची ताकद वाढवतो आणि त्या जगात फिरतो. हे फिरणे कधी सुरू करू द्यायचे, यावरून या गेमचे दोन स्वभाव पडतात. काही गेम पहिले कित्येक तास बोट धरून ठरलेल्या वाटेने नेतात. काही लगेच दार उघडून देतात.

कोकणातल्या दशावतारात आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर येऊन जातात, मग आख्यान. रंगला तर लोक संकासुरासाठीच लवकर येऊन बसतात; लांबला तर पोरे चटईवरच झोपतात. गेमच्या सुरुवातीचेही तसेच आहे.

सक्तीचे टोकाचे उदाहरण म्हणजे ‘फायनल फँटसी तेरा’ (2009). त्याच्या 13 प्रकरणांपैकी पहिली दहा चिंचोळ्या वाटेवरून पुढे सरकतात. पात्रांची वाढसुद्धा प्रत्येक प्रकरणात ठरावीक मर्यादेला थांबते. ग्रॅन पल्स हे विस्तीर्ण मैदान उघडते ते अकराव्या प्रकरणात, आणि तिथवर वीसेक तास सहज जातात. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याच्या लॅपटॉपवर हा गेम सुरू झाला, की काय होते ते कोकणातल्या घरांत पाहायला मिळते. आरती आटोपली की माजघरात चुलत-मावस भावंडे कंट्रोलर हातोहात फिरवतात आणि तिसऱ्या दिवशी धाकटा विचारतोच, “दादा, आता तरी सोडतलो काय रे तो?” पाच दिवसांनी विसर्जन होते, लॅपटॉप मुंबईला परततो आणि मैदान कुणीच पाहिलेले नसते.

मात्र अडवणे हाच दोष नव्हे. कशाने अडवले, ते महत्त्वाचे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (1986) राजाच्या दालनात सुरू होतो आणि दालनाचे दार बंद असते. पेटी उघडायची, किल्ली घ्यायची, दार उघडायचे, जिना उतरायचा. एवढ्यात खेळाच्या मुख्य क्रिया शिकून होतात. बाहेर आल्यावर पाण्यापलीकडे शेवटच्या शत्रूचा किल्ला समोरच दिसतो. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग दिसतो तसा: डोळ्यांसमोर, पण सहज पोचता न येणारा. नकाशावरचे पूल ओलांडले की राक्षस अधिक बळकट होत जातात. जाऊ नकोस, असे सांगणारी पाटी कुठेच नाही. मार खाल्ला की आपणच माघारी फिरतो आणि तयारी करून पुन्हा येतो. सक्तीची याहून प्रामाणिक रीत क्वचितच सापडते.

‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ने (2010) हीच युक्ती वापरली. गुडस्प्रिंग्स गावातून शहराकडे जाणारी उत्तरेची वाट जवळची, पण तिथे विषारी उडते किडे आणि डेथक्लॉ नावाचे अक्राळविक्राळ प्राणी टपलेले. कथा दक्षिणेकडून वळसा घालायला लावते. तरी लपतछपत उत्तरेने जाणाऱ्याला गेम रोखत नाही. ‘मॉरोविंड’मध्ये (2002) तर कैदी जहाजातून उतरतो, कचेरीत कागदपत्रे होतात आणि काही मिनिटांत सगळे बेट त्याचे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (2017) हा काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग गेम नाही, पण तो जिथे सुरू होतो ते पठार इथे सांगायलाच हवे. चारी बाजूंना कडे, उडी मारली तर मरण. चार देवळे पूर्ण केल्यावर तिथला एक म्हातारा हवेत तरंगायची छत्री देतो. तोवर चढणे, शिजवणे, थंडीपासून जपणे हे सारे हाताला बसलेले असते.

मोकळीकही माणसाला अडकवते. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’चा (2014) हिंटरलँड्स हा सुरुवातीचा मुलूख इतका किरकोळ कामांनी भरलेला, की अनेकजण तिथेच दिवसचे दिवस घालवत. ‘तिथून बाहेर पड’ हा त्या गेमबद्दलचा सर्वांत प्रसिद्ध सल्ला ठरला.

खेळाडूंनी स्वतःही तोड काढली आहे. ‘ऑब्लिव्हियन’ (2006) तुरुंगात सुरू होतो आणि भुयारी गटारातून बाहेर नेतो. गटाराच्या तोंडाशी गेम पात्राचा वंश, राशी, पेशा बदलण्याची शेवटची संधी देतो. जाणकार तिथेच सेव्ह करून ती फाइल जपून ठेवतात. तीच पेनड्राइव्हवर दिली, की पुढच्या गणपतीला धाकटा भाऊ थेट गटाराच्या तोंडाशी, उजेडात पाऊल टाकायच्या बेतात असतो.