लापशी चाखणारे पाहुणे : इंग्लंडच्या तुरुंगांवर बाहेरची नजर कशी आली

24 जानेवारी 1932 च्या रविवारी इंग्लंडमधल्या डार्टमूर तुरुंगात कैद्यांनी बंड केले. कार्यालयाची इमारत जळाली, बाहेरून पोलीस आणावे लागले. त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत तुरुंगात एकाच गोष्टीवरून कुरबूर चालली होती : सकाळची लापशी पाणचट होती. बंडामागे कारणे बरीच होती, पण ठिणगी पडली ती लापशीवरून.

इंग्लंड आणि वेल्समध्ये आज लागू असलेली तुरुंग नियमावली 1999 ची आहे. प्रत्येक तुरुंगाला बाहेरच्या नागरिकांचे एक स्वतंत्र देखरेख मंडळ असते आणि या मंडळाच्या सदस्याने कैद्यांचे जेवण वरचेवर तपासावे, असे त्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. नियम वाचताना पहिल्यांदा हसू येते. एवढा मोठा कायदा आणि त्यात आमटी-भाकरीची काळजी? पण तुरुंगाचा इतिहास थोडा चाळला की हसू मावळते.

ही बाहेरची माणसे आत आली कशी आणि कोणत्या नात्याने आली, याची गोष्ट अडीचशे वर्षांची आहे. त्यातली जवळजवळ शंभर वर्षे या मंडळांच्या एका हातात कैद्याची तक्रारवही होती आणि दुसऱ्या हातात शिक्षेचा अधिकार.

सुरुवात जॉन हॉवर्डपासून करावी लागते. 1773 मध्ये हा गृहस्थ बेडफर्डशरचा शेरिफ झाला. हे पद तसे मानाचे. तुरुंग शेरिफच्या अखत्यारीत असला तरी तो स्वतः आत जाऊन बघत नसे. हॉवर्ड गेला. न्यायालयाने निर्दोष सोडलेली माणसेही त्याला आत सापडली, कारण जेलरची फी भरायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. जेलरला पगार नसे, तो कैद्यांकडूनच वसुली करी. शेजारच्या परगण्यांत तरी बरे असेल म्हणून हॉवर्ड तिकडे गेला, आणि मग थांबलाच नाही. कपड्यांना तुरुंगाचा असा वास लागे की बंद घोडागाडीत बसवेना, म्हणून तो घोड्यावरून प्रवास करी. टिपणवहीची पानेसुद्धा शेकोटीसमोर पसरून ठेवल्याशिवाय हातात धरवत नसत, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. 1777 मध्ये त्याने इंग्लंड-वेल्समधल्या तुरुंगांचा अहवाल छापला. त्याची पद्धत अगदी साधी होती : जाऊन बघायचे, मोजायचे, लिहायचे. देखरेखीच्या कामात त्यानंतर मूलभूत म्हणावी अशी भर फारशी पडलेली नाही.

पुढे 1823 मध्ये रॉबर्ट पील गृहमंत्री असताना कायदा झाला आणि स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी तुरुंगाला नियमित भेटी द्याव्यात असे ठरले. 1835 मध्ये सरकारी निरीक्षक नेमले गेले. हे दंडाधिकारी काही तटस्थ पाहुणे नव्हते. तुरुंग त्यांच्याच परगण्याचा, खर्च त्यांच्याच करातून आणि आत पाठवलेली माणसेही बऱ्याचदा त्यांनीच पाठवलेली.

1877 च्या कायद्याने स्थानिक तुरुंग सरकारने ताब्यात घेतले. 1 एप्रिल 1878 पासून सगळा कारभार लंडनच्या तुरुंग आयोगाकडे आणि त्याचा अध्यक्ष एडमंड ड्यू केन याच्याकडे गेला. हा माणूस लष्करी अभियंता. शिस्त, शांतता, एकांत आणि कष्ट यांवर त्याचा विश्वास. स्थानिक दंडाधिकाऱ्यांचे तोंड बंद राहावे म्हणून त्यांना भेट समितीचे स्थान ठेवले. माझ्या मते ही निव्वळ तडजोड होती : सत्ता काढून घेतली आणि हातात पाहुण्याची पाटी दिली. पण पाटीबरोबर एक जुनी चीज त्यांच्याकडेच राहिली. जेलरच्या आवाक्याबाहेरच्या गंभीर गुन्ह्यांची सुनावणी तुरुंगातल्या तुरुंगात हीच मंडळी घेत.

ड्यू केनच्या कडक कारभारावर टीका वाढली. 1895 मध्ये हर्बर्ट ग्लॅडस्टन समितीने सांगितले की जरब आणि सुधारणा ही दोन्ही उद्दिष्टे बरोबरीने चालली पाहिजेत. त्यातून 1898 चा कायदा आला आणि डार्टमूरसारख्या लांब शिक्षेच्या तुरुंगांनाही अभ्यागत मंडळे, म्हणजे भेट देणाऱ्या बाहेरच्या माणसांची मंडळे, मिळाली. फटक्यांची शिक्षा आता बंड आणि अधिकाऱ्यावरील हल्ला या दोन गुन्ह्यांपुरतीच उरली, पण उरली. तिचा हुकूम मंडळ देई, गृहमंत्री त्यावर शिक्कामोर्तब करी. तुरुंगातली ही शिक्षा 1967 मध्ये रद्द झाली. म्हणजे लापशी चाखणाऱ्या मंडळाकडेच फटके सुनावण्याचे कामही होते. कैद्याने या पाहुण्याच्या कानात काय सांगावे?

इथे ‘प्रशिक्षण कारागृह’ या शब्दाकडे वळायला हवे. इंग्लंडमध्ये ट्रेनिंग प्रिझन म्हणजे तुरुंग कर्मचाऱ्यांना शिकवण्याची जागा नव्हे. न्यायालयाजवळच्या स्थानिक तुरुंगात कच्चे कैदी आणि नुकती शिक्षा झालेले कैदी असतात. लांब शिक्षा झालेल्यांना तिथून प्रशिक्षण कारागृहात हलवतात. तिथे कार्यशाळा, वर्ग आणि सुटकेची तयारी अपेक्षित असते. ही कल्पना दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. तुरुंग आयुक्त अलेक्झांडर पॅटरसन याचे म्हणणे असे की माणूस तुरुंगात येतो हीच त्याची शिक्षा, आत आणखी शिक्षा देण्यासाठी त्याला आणलेले नसते. यॉर्कशरमधल्या वेकफील्ड तुरुंगात त्याचे प्रयोग झाले. 1936 मध्ये वेकफील्डजवळच न्यू हॉल कॅम्प उघडला, तो इंग्लंडमधला पहिला खुला तुरुंग. (त्यानंतर तीनच वर्षांनी, 1939 मध्ये, औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रीडमनच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. कैदी तिथे बायकामुलांसह राहत. या बाबतीत माणदेश यॉर्कशरच्या फार मागे नव्हता.)

प्रशिक्षणाचे हे ध्येय नियमावलीत शिरले : शिक्षा झालेल्या कैद्याला चांगले आणि उपयोगी आयुष्य जगायला उत्तेजन आणि मदत द्यावी. आजच्या नियमांतही हे वाक्य आहे. देखरेख करणाऱ्याचे काम त्यामुळे अवघड झाले. स्थानिक तुरुंगात बघायचे ते उघड असते : गर्दी, घाण, मारहाण. प्रशिक्षण कारागृहात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. इथे प्रशिक्षण होते का? कार्यशाळेत वीस यंत्रे आहेत आणि माणसे सहा, कारण कोठडीतून कार्यशाळेपर्यंत नेणारा कर्मचारी नाही. हे कुठल्याच भिंतीवर दिसत नाही. त्यासाठी दर आठवड्याला येऊन हजेरी बघावी लागते.

1966 मध्ये हेर जॉर्ज ब्लेक तुरुंगातून पळाला. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या चौकशीनंतर कैद्यांची अ, ब, क, ड अशी सुरक्षेनुसार वर्गवारी आली. प्रशिक्षण कारागृहांच्या भिंती उंच झाल्या आणि प्रशिक्षण मागे पडले. 1971 च्या कायद्याने दंडाधिकाऱ्यांच्या जुन्या भेट समित्या गेल्या आणि सगळीकडे अभ्यागत मंडळेच राहिली. शिक्षेचा अधिकार मात्र तसाच होता. 1975 मध्ये लॉर्ड जेलिको यांच्या समितीने स्पष्टच सांगितले की ही दोन कामे एकत्र नांदत नाहीत, वेगळी करा. सरकारने ऐकले नाही.

ऐकायला लावले कैद्यांनी. 1976 च्या ऑगस्टअखेर हल शहराच्या तुरुंगात दंगल झाली. दंगल शमल्यावर अधिकाऱ्यांनी कैद्यांना मारहाण केली, आणि त्यातल्या काहींवर 1979 मध्ये दोष सिद्ध झाला. पण त्याआधीच अभ्यागत मंडळ बसले होते आणि दंगलीतल्या कैद्यांची माफीची शेकडो दिवसांची मुदत कापली गेली होती. चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेत मिळणारी सूट म्हणजे माफी. ती गेली की तितके दिवस आत जास्त. कैद्यांना साक्षीदार बोलावू दिले नाहीत, धड म्हणणे मांडू दिले नाही. कैदी न्यायालयात गेले आणि 1978 मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की अभ्यागत मंडळाच्या निकालाची फेरतपासणी न्यायालय करू शकते. तुरुंगाच्या दाराशी कायदा थांबतो, ही समजूत तिथे मोडली.

दुसरे प्रकरणही 1976 चेच, आइल ऑफ वाइटवरच्या अल्बनी तुरुंगातले. तिथे एका कैद्याची 570 दिवसांची माफी मंडळाने कापली, तीही वकिलाविना. 1984 मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने वकील नाकारणे चूक ठरवले. गंमत अशी की मंडळ स्वतंत्र नाही हा आक्षेप याच न्यायालयाने फेटाळला. मंडळाचे तुरुंग प्रशासनाशी फार जवळचे नाते आहे असे कैद्यांना वाटू शकते हे मान्य, पण एवढ्यावरून स्वातंत्र्य नाही असे म्हणता येत नाही, असा त्याचा सूर होता. कायद्याच्या कसोटीवर ते बरोबर असेल. पण कोठडीत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने जे वाटते त्यालाच महत्त्व आहे. त्याचा विश्वास नसेल तर तो तक्रार करणारच नाही.

शेवटचा धक्का मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगाने दिला. 970 जणांसाठीच्या जागेत 1600 च्या वर कैदी होते. कोठडीत संडास नाही, बादली. 1 एप्रिल 1990 रोजी प्रार्थनागृहात सुरू झालेले बंड 25 दिवस चालले, कैदी छपरावर उभे आणि खाली कॅमेरे. लॉर्ड वुल्फ यांचा अहवाल फेब्रुवारी 1991 मध्ये आला. सुरक्षा आणि नियंत्रण यांच्याबरोबर न्यायाचेही पारडे भरले पाहिजे, हे त्याचे सार. त्यातली अभ्यागत मंडळांपुरती शिफारस छोटी होती : शिक्षा देणे थांबवा, फक्त पाहा. एप्रिल 1992 मध्ये तो अधिकार गेला. तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल 1994 मध्ये आला. शिक्षेचे दिवस वाढवण्याचा अधिकार तुरुंगाधिकाऱ्याकडे राहिला होता, त्यावरही युरोपीय न्यायालयाने बोट ठेवले आणि 2002 पासून अशा प्रकरणांसाठी बाहेरचे न्यायाधीश तुरुंगात येऊ लागले.

2003 मध्ये ‘अभ्यागत’ हा शब्दही गेला. कैद्याला भेटायला येणारे नातेवाईकही व्हिजिटर, हेही व्हिजिटर, हा घोळ होताच. नाव झाले इंडिपेन्डन्ट मॉनिटरिंग बोर्ड, म्हणजे स्वतंत्र देखरेख मंडळ. 2007 च्या कायद्याने ते पक्के केले. 2009 मध्ये ही मंडळे छळ रोखण्यासाठीच्या राष्ट्रीय प्रतिबंध यंत्रणेचा भाग झाली. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा 2002 चा जोडकरार आहे, त्याची अट अशी की त्यात सामील झालेल्या देशाने कोठडीच्या जागांना नियमित भेट देणारी यंत्रणा ठेवावी. 1981 पासून मुख्य निरीक्षकाचे वेगळे कार्यालयही आहे. निरीक्षक पथक घेऊन येतात, काही दिवस राहतात, अहवाल देऊन जातात. मंडळाचे सदस्य त्याच गावचे, आणि आठवड्याला कोणी ना कोणी येतोच.

हे सदस्य बिनपगारी. त्यांची नेमणूक न्यायमंत्री करतो. त्यांच्या हातात किल्ल्या असतात, तुरुंगाचा कुठलाही कोपरा आणि कुठलाही कैदी त्यांना कर्मचाऱ्यांच्या नजरेआड आणि कानाआड भेटता येतो, नोंदवह्या बघता येतात. कैदी चिठ्ठी लिहून पेटीत टाकतो. दर वर्षी मंडळ मंत्र्याला अहवाल पाठवते आणि तो छापला जातो. त्या अहवालांत भूकंप फारसे नसतात. एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवताना हरवलेले सामान हा त्यांतला जुनाच विषय : बूट, फोटो, आईची पत्रे. बाहेरच्याला ते क्षुल्लक वाटेल. दहा वर्षे आत असलेल्या माणसाकडे त्याखेरीज दुसरे काही नसते. त्याशिवाय मोडकळीला आलेल्या इमारती, कृत्रिम अमली पदार्थ, मानसिक रुग्णांना विलगीकरण कोठडीत ठेवणे आणि अनिश्चित मुदतीच्या शिक्षा. ही शेवटची शिक्षा 2012 मध्ये रद्द झाली, पण आधी ज्यांना झाली त्यांची सुटली नाही, आणि ते बरेचसे प्रशिक्षण कारागृहांतच अडकले.

मंडळाला हुकूम देता येत नाही. मंत्र्याने अहवालाला उत्तर द्यावे आणि पुढच्या वर्षी तेच गाऱ्हाणे पुन्हा लिहावे, असेही घडते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड-वेल्समध्ये 45 हजारांच्या आसपास कैदी होते, आता 85 हजारांच्या वर आहेत. एवढ्या लोंढ्यापुढे वही-पेन्सिल तोकडी पडते, हे खरेच. तरी कैदी आज चिठ्ठी टाकतो, कारण समोरचा माणूस त्याचे दिवस वाढवू शकत नाही. अधिकार गेला म्हणून तक्रारपेटीला अर्थ आला, असे मला तरी वाटते.

भारतातल्या तुरुंगांचा 1894 चा कायदा याच परंपरेत, ड्यू केनच्या काळात, लिहिला गेला. अभ्यागत नेमण्याची तरतूद त्यात आहे, आणि महाराष्ट्रातल्या कारागृहांनाही सरकारी आणि अशासकीय अभ्यागत असतात. डिसेंबर 1979 मध्ये सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तक्रारपेट्या ठेवा आणि न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात असे सांगितले. 1983 मध्ये पत्रकार शीला बरसे यांच्या पत्रावरून मुंबईतल्या कोठड्यांमधल्या महिलांसाठी आदेश निघाले, त्यात महिला न्यायाधीशाने अचानक भेटी देण्याचाही समावेश होता. छळाविरुद्धच्या करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही, आणि भेटींची अट घालणाऱ्या जोडकरारात भारत नाही.

जून 2017 मध्ये भायखळा महिला कारागृहात एका बंदी महिलेचा मृत्यू झाला आणि आतल्या महिलांनी छपरावर चढून निदर्शने केली. तुरुंगातल्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला, तुरुंगांतल्या अमानुष स्थितीविषयीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना अभ्यागत मंडळे नेमायला आणि त्यांत अशासकीय प्रतिष्ठित नागरिक घ्यायला सांगितले. भायखळ्यात फिर्यादीनुसार वादाचे मूळ सकाळच्या वाटपात होते. दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले होते.