उतरण: वापरात पुरातन, यंत्रांच्या यादीत सर्वांत उशिरा

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात साध्या यंत्रांचा धडा आला की ट्रकला टेकवलेली फळी आणि तिच्यावरून पिंप वर ढकलणारा माणूस हमखास दिसतो. तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू यांच्या शेजारी उतरण अशी बसलेली असते, जणू ती पहिल्यापासून तिथेच होती. प्रत्यक्षात या पंगतीत तिचे पान फार उशिरा मांडले गेले.

वापर मात्र पुरातन. इजिप्तमध्ये हातनूब येथे अलाबास्टर दगडाची प्राचीन खाण आहे. तिथे सापडलेल्या एका उतरणीची माहिती २०१८ मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिश संशोधकांनी जाहीर केली. ती खुफू राजाच्या काळातली, म्हणजे सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीची. चढ चांगलाच तीव्र, दोन्ही अंगांना पायऱ्या आणि खांब रोवण्यासाठी केलेले खळगे. खांबांना दोर घालून दगड लादलेली घसरगाडी वर खेचत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक अभियंत्याने वजन हलवणारी पाच साधने सांगितली: चाक-आस, तरफ, कप्पी, पाचर आणि स्क्रू. ही यादी असलेला त्याचा ग्रंथ कुस्ता इब्न लूका याच्या अरबी भाषांतरामुळे आपल्यापर्यंत पोहोचला. या पाचांत उतरण नाही. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण आणि पाचर म्हणजे चालती उतरण, तरीही मूळ उतरणच गळाली. मला याचे कारण साधे वाटते. बाकीची साधने फिरतात, वळतात, घुसतात. उतरण नुसती पडून असते, हलतो तो भार. अशा वस्तूला यंत्र म्हणायचे कुणाला सुचावे?

तिचे गणितही कुणाला जमत नव्हते. चौथ्या शतकात पॅपस या गणितीने प्रयत्न केला. सपाट जमिनीवर भार ढकलायला जेवढा जोर लागतो तो धरून त्याने चढावरचा जोर काढला. त्याच्या हिशेबाने चढ अगदी उभा झाला की लागणारा जोर अनंत होतो! विहिरीतून घागर ओढणाऱ्या कुणालाही ही चूक दाखवता आली असती. बरोबर उत्तर सापडते ते थेट १३व्या शतकात, योर्दानुस दे नेमोरे या गणितीच्या नावावर असलेल्या लेखनात.

पण ते उत्तर डोळ्यांसमोर उभे केले सायमन स्टेव्हिनने. ब्रूजमध्ये जन्मलेल्या या अभियंत्याने १५८६ मध्ये तोलण्याच्या कलेवर ग्रंथ छापला, आणि तोही लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या डच भाषेत. मायबोलीत विज्ञान लिहिता येते यावर त्याची श्रद्धा होती, आणि मला तो त्यासाठीही जवळचा वाटतो. त्याने एक त्रिकोणी ठोकळा कल्पिला, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब. त्यावर सारख्या वजनाच्या १४ गोळ्यांची माळ टाकली. लांब उतारावर ४ गोळे, आखूड उतारावर २, खाली लोंबते ८. माळ आपोआप फिरू लागली तर? एक गोळा सरकला की त्याच्या जागी दुसरा येतो, मांडणी तीच राहते, म्हणजे माळ कायम फिरतच राहील. हे अशक्य. म्हणून ती स्थिरच असणार. खालचे ८ गोळे दोन्ही बाजूंना सारखेच ओढतात, ते काढून टाका. उरले काय? ४ गोळ्यांना २ गोळे तोलून धरतात. उतार उंचीच्या जितक्या पट लांब, तितक्या पटीने जोर कमी. या चित्राभोवती त्याने लिहिले त्याचा भावार्थ असा: चमत्कार, तरीही चमत्कार नाही.

पुढे १६००च्या सुमारास गॅलिलिओने लिहिले की यंत्रांनी निसर्गाला फसवता येते, ही कारागिरांची समजूत चुकीची आहे. जोर वाचतो, पण तेवढे अंतर जास्त कापावे लागते. त्याच उतरणीवर कांस्याचा गोळा घरंगळत सोडून त्याने पडण्याची गती मोजण्याइतकी संथ केली. तो प्रयोग १६३८च्या त्याच्या ग्रंथात आहे.

स्टेव्हिनचा हा हिशेब आपल्या सह्याद्रीत रोज अनुभवाला येतो. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. जेम्स बर्कली हे त्याचे मुख्य अभियंता. सुमारे २५ किलोमीटरांत साधारण ५५८ मीटर चढायचे होते, आणि सर्वांत तीव्र चढ ठेवला ३७ला १ (३७ मीटर अंतरामागे १ मीटर उंची). म्हणजे घर्षण बाजूला ठेवले तर १,००० टनांची गाडी त्या चढावर नुसती धरून ठेवायलाही सुमारे २७ टन वजनाइतका जोर हवा. घर्षणाचा वाटा वेगळा, आणि ओले रूळ चाकांना पकड देत नाहीत ते निराळेच. म्हणूनच पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे वर ढकलणारी जादा इंजिने जोडतात, आणि जोडणीचा तो हलका धक्का शेवटच्या डब्यात बसलेल्यांना चांगला ओळखीचा असतो.