आयोडीनचा डाग नेमका जातो कुठे?

शरीरात आयोडीन पुरेसं आहे का, हे बघायची एक घरगुती चाचणी सांगतात: मनगटाच्या आतल्या बाजूला टिंक्चर आयोडीनचा दोन इंची चौकोन काढायचा. चोवीस तास टिकला तर शरीरात आयोडीन पुरेसं, आधीच उडाला तर कमी. समज असा, की भुकेली त्वचा आयोडीन शोषून घेते.

हेच टिंक्चर काचेच्या तुकड्यावर लावून बघा. तिथेही डाग फिकट होत जातो, आणि काचेला काही थायरॉइड (आयोडीन वापरणारी गळ्यातली ग्रंथी) नसते.

आयोडीन साध्या तापमानालाही हवेत उडतं. शिवाय तपकिरी रंग असतो तो मुक्त आयोडीनचा; त्वचेवरच्या घटकांशी क्रिया होऊन त्याचं आयोडाइड, म्हणजे आयोडीनचंच रंगहीन रूप झालं, की रंग जातो. क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून त्यात टिंक्चरचा थेंब टाका, रंग लगेच नाहीसा होईल. आयोडीन मात्र पेल्यातच आहे! म्हणजे डाग गेला यावरून आयोडीन आत गेलं असं ठरत नाही. आत गेलं तरी शरीरात आधी किती होतं, हे त्यातून कळत नाही. मे महिन्यात नागपूरला पंख्याखाली आणि डिसेंबरात महाबळेश्वरला एकाच माणसाचा निकाल वेगळा येऊ शकतो. किती हात लावले, घाम किती आला, बाही घासली का, यावरही तो बदलतो.

ही चाचणी निरुपद्रवी आहे असंही नाही. २ टक्के टिंक्चरच्या एका थेंबात साधारण १ मिलिग्रॅम, म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. प्रौढाची रोजची गरज आहे १५०. त्वचेतून यातला थोडाच भाग आत जातो, पण गरोदर स्त्रिया, तान्ही बाळं आणि थायरॉइडमध्ये गाठी असलेल्यांनी तेवढाही धोका पत्करू नये. शिवाय त्वचेची आग होते ती वेगळीच.

खरं मोजमाप लघवीत होतं, कारण खाल्लेल्या आयोडीनपैकी ९० टक्क्यांहून अधिक तिथूनच बाहेर पडतं. प्रयोगशाळेतल्या सँडेल-कोल्थॉफ पद्धतीतही गंमत म्हणजे रंगच उडतो: सिरियम या धातूचा पिवळा क्षार आर्सेनस आम्लामुळे रंगहीन होतो. फरक इतकाच, की तिथे रंग उडण्याचा वेग नमुन्यातल्या आयोडाइडवर ठरतो आणि तापमान, वेळ काटेकोर धरलेली असते.

पण या आकड्यालाही मर्यादा आहे. शाळकरी मुलांच्या गटाचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) लघवीच्या लिटरमागे १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असला, तर त्या वस्तीत आयोडीन पुरेसं मानतात. एकट्या माणसाचा आकडा जेवणागणिक बदलतो. त्याच्याबद्दल काही म्हणायचं तर वेगवेगळ्या दिवशीचे दहाएक नमुने लागतात. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, जे रक्तात तपासतात) थायरॉइडचं काम दाखवतं, आयोडीनचा साठा नव्हे. सौम्य कमतरतेत ते सर्रास नॉर्मल येतं.

त्यापेक्षा आधी मिठाची पिशवी वाचावी. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं, म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम. उपवासाचं सैंधव बारा महिने वापरणाऱ्या घरांत हा हिशेब कोसळतो, कारण त्यात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं.

आणि लघवीची तपासणी करायचीच असेल, तर आधी हातावर चौकोन रंगवू नका. त्वचेतून शिरलेलं आयोडीन लघवीत उतरतं आणि आकडा फुगतो.