फोटोखालच्या ओळी कोणी लिहायच्या? विद्यापीठांतल्या समुदाय-प्रदर्शनांची पार्श्वभूमी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एखाद्या स्थलांतरित समाजाचे जुने फोटो, पत्रं, मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं मांडलेली दिसली, तर आज कोणाला नवल वाटत नाही. विद्यापीठांची अभिलेखागारं, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणारे विभाग, मात्र यासाठी निघालेली नव्हती. तिथे जपली जायची ती प्रामुख्यानं विद्यापीठाची स्वतःची दप्तरं आणि नामवंत प्राध्यापकांचा पत्रव्यवहार. अभिलेखागारांसाठीच्या १८९८च्या डच नियमपुस्तकानं कागद मूळ कचेरीच्या क्रमानंच ठेवावेत असं घालून दिलं. १९२२च्या इंग्रजी नियमपुस्तकानं अभिलेखपालाला, म्हणजे हे कागद सांभाळणाऱ्याला, निःपक्षपाती राखणदार ठरवलं. ज्यांची कचेरीच नव्हती त्यांचे कागद येणार कुठून, हा प्रश्न या चौकटीत फारसा उठतच नव्हता.

तो उठला १९६०च्या दशकात. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका विद्यापीठानं १९६५मध्ये स्थलांतरितांच्या इतिहासाचं केंद्र काढलं. १९६८-६९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी चार महिन्यांहून अधिक काळ संप केला. आपापल्या समाजांच्या इतिहासाला अभ्यासक्रमात जागा मिळावी, ही त्यातली एक मुख्य मागणी होती. १९७०मध्ये अभिलेखपालांच्याच अधिवेशनात एका इतिहासकारानं, तुमची तटस्थता सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावर पडते, असं सुनावलं. १९७१मध्ये कॅनडानं बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून जाहीर केलं आणि १९७६मध्ये टोरांटोत विद्यापीठाच्या आवारातच स्थलांतरित समाजांचा इतिहास जपण्याला वाहिलेली संस्था उभी राहिली. टेपरेकॉर्डर घेऊन लोक घरोघर गेले, समाजाची वृत्तपत्रं मायक्रोफिल्मवर आली. भर सगळा गोळा करण्यावर होता. दाखवायचं कसं, याचा विचार त्या मानानं कमीच झाला.

त्याची किंमत टोरांटोतच मोजली गेली, आणि तीही अभिलेखागारानं नव्हे, तर एकेकाळी विद्यापीठाचाच भाग असलेल्या एका मोठ्या संग्रहालयानं. नोव्हेंबर १९८९मध्ये तिथे कॅनडाच्या सैनिकांनी आणि मिशनऱ्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. मांडणी करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा हेतू वसाहतवादावर टीका करण्याचा होता. त्यासाठी त्यांनी वाट निवडली उपरोधाची. त्या काळचे मिशनऱ्यांचे तुच्छतेचे शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत टाकले. वाचणाऱ्याला त्यातली खोच कळेल असा भरवसा ठेवला. एका फोटोत मिशनरी बाई आफ्रिकन बायकांना कपडे कसे धुवायचे ते शिकवताना दिसत होत्या. दुसरीकडे घोड्यावरचा ब्रिटिश सैनिक दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू जमातीच्या योद्ध्याला तलवारीनं भोसकतानाचं चित्र चांगलं मोठं करून लावलेलं होतं.

शहरातल्या कृष्णवर्णीयांनी संग्रहालयाबाहेर धरणं धरलं. अपमान त्यांना भिंतीवर ढळढळीत दिसत होता. निषेध मात्र दोन अवतरणचिन्हांत दडलेला. ‘त्यांना उपरोध कळला नाही’ हा बचाव तेव्हा बराच चालला, अजूनही अधूनमधून कानावर येतो. तो मला पटत नाही. उपरोध कळायला आपण त्या चित्रात नाही, एवढी निश्चिंती लागते, आणि नेमकी तीच या लोकांकडे नव्हती. अर्थात त्या बाईंना जे सोसावं लागलं, अगदी विद्यापीठातलं शिकवणं सोडावं लागेपर्यंत, तेही न्यायाचं म्हणता येणार नाही. प्रदर्शन पुढे ज्या संग्रहालयांत जायचं होतं त्यांनी ते नाकारलं. संग्रहालयानं जाहीर माफी मागितली ती थेट २०१६मध्ये.

त्यानंतर मजकूर आधी संबंधित लोकांना दाखवायचा, ही रीत हळूहळू रुळत गेली. २००६मध्ये अमेरिकेत आदिवासी समाजांच्या कागदपत्रांसाठी एक आचारसंहिता लिहिली गेली. एखादी पवित्र गोष्ट बाहेरच्यांना दाखवायची की नाही हे ठरवण्यात त्या समाजाला स्थान असावं, हा त्यातला कळीचा मुद्दा. अभिलेखपालांच्या राष्ट्रीय संघटनेनं तिला मान्यता दिली २०१८मध्ये. मधली बारा वर्षं बरंच काही सांगून जातात.

दुसरा बदल स्कॅनरनं घडवला. मूळ कागद कुटुंबाकडेच राहू द्यायचा, प्रत तेवढी घ्यायची. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई स्थलांतरितांचा २००८मध्ये सुरू झालेला, विद्यापीठाबाहेरचा एक डिजिटल संग्रह याच पद्धतीनं चालतो. जुन्या वळणाचे अभिलेखपाल यावर नाक मुरडतात, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही: घरातल्या ट्रंकेत ओल लागते, वाळवी लागते. पण ‘मूळ आमच्याकडे असल्याशिवाय प्रदर्शन कसं भरवणार’ हे कारण टिकत नाही. जुन्या फोटोंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, तोही मोजके महिने. म्हणून मूळ फोटो पेटीत ठेवून भिंतीवर प्रत लावण्याची पद्धत पूर्वीपासूनच आहे.

घोडं अडतं ते जुन्या दानपत्रांपाशी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी सही करून कागद आणि हक्क दोन्ही विद्यापीठाला दिलेले असतात. आज प्रदर्शनाचं पत्रक निघालं की नात विचारते, आजीचा निर्वासित छावणीतला फोटो पोस्टरवर लावताना आम्हाला का नाही विचारलं? कायद्यानं विचारण्याची गरज नसते. काही ठिकाणी आता दानपत्रातच, सार्वजनिक प्रदर्शनाआधी कुटुंबाला कळवावं, असं कलम घालतात. जुन्या दानपत्रांचं काय करायचं ते ज्या त्या अभिलेखागारावर सोडलेलं आहे.