बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान : पाण्याने राखलेले जंगल

मुंबईकर ज्याला नुसते ‘नॅशनल पार्क’ म्हणतात, ते बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे १०४ चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. चहूबाजूंनी इमारती येऊन भिडल्या असताना एवढे जंगल उरले कसे, याचे उत्तर सहसा वन्यजीव कायद्यात शोधले जाते. प्रस्तुत लेखकाला ते पाण्यात शोधणे अधिक योग्य वाटते, कारण कायदा आला तो बऱ्याच उशिरा.

पाण्याची ही कहाणी कान्हेरीपासून सुरू होते. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, या नावावरून कान्हेरी हे नाव आले. येथे इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत बौद्ध भिक्षूंसाठी शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. पर्यटक बहुधा तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील उंच बुद्धमूर्ती पाहून परततात. पण थोडे वर चढून पायाखाली नीट पाहिले, तर कातळात कोरलेल्या बारीक पन्हळी दिसतात. उतारावरून ओघळणारे पावसाचे पाणी या पन्हळींतून लेण्यांच्या दाराशी खोदलेल्या टाक्यांत उतरत असे, आणि बहुतेक विहारांना असे स्वतःचे टाके आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून कल्याण आणि सोपारा येथील दात्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदीही आहेत. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने कोरडे, अशा डोंगरावर भिक्षुसंघाला बारमाही राहता आले, ते या व्यवस्थेच्या बळावर.

एकोणिसाव्या शतकात हीच गरज शहराला भासली. विहिरी आणि तळ्यांवर भागेनासे झाल्यावर मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात १८५६ साली विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० साली ते पूर्ण झाले. मुंबईला नळाने पाणी मिळू लागले ते यानंतर. तेही अपुरे पडले, म्हणून १८७९ साली तुळशी तलाव बांधण्यात आला. पुढे बांधलेल्या पवईचे पाणी मात्र पिण्याजोगे ठरले नाही. पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहार आणि तुळशीच्या पाणलोट क्षेत्रातील शेती व वस्ती हटवण्यात आली, आणि तेथे जंगल वाढत गेले. वाघ-बिबट्यांच्या रक्षणाचा विचार त्यामागे नव्हता. ज्यांची जमीन गेली त्यांचा तर मुळीच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्याची हद्द टप्प्याटप्प्याने वाढली आणि १९८० साली संजय गांधी यांचे विमान अपघातात निधन झाल्यानंतर त्यांचे नाव दिले गेले. कडेच्या झोपड्यांचा प्रश्न न्यायालयात गेला आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. २००४ साली बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. पकडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडल्याने संघर्ष थांबत नाही, हे अभ्यासकांचे म्हणणे त्यानंतर हळूहळू मान्य होत गेले. जंगलातल्या पाड्यांवरील वारली लोक वाघोबाला पूर्वापार पुजत आले आहेत. बिबट्याच्या शेजाराची सवय शहराला मात्र नव्याने लावून घ्यावी लागली.

आज बोरिवलीच्या प्रवेशद्वारातून आत येणाऱ्यांची गर्दी सकाळचा फेरफटका, नौकाविहार, आणि वाघ-सिंहांची बंद गाडीतून होणारी सफारी यांभोवतीच असते; मुलांची लाडकी ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी २०२१ साली बंद पडली होती. वनस्पतींची आवड असणारे मात्र कारवीचा हिशेब ठेवतात, कारण ती आठ वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते. येथे ती २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली फुलली. विहार आणि तुळशी आजही शहराला पाणी देतात, जरी मुंबईच्या सात तलावांच्या एकूण साठ्यात त्यांचा वाटा तीन टक्क्यांहून कमी आहे. त्यांच्या काठी सर्वसाधारण पर्यटकांना मुक्त प्रवेश नाही, त्यामुळे पार्कात वर्षानुवर्षे येणाऱ्या अनेकांनी हे तलाव जवळून कधी पाहिलेलेच नसतात.