एफ-झिरो एएक्स आणि एफ-झिरो जीएक्स

भविष्यकाळातल्या शर्यतींवरचे दोन जोडीचे जपानी व्हिडिओ गेम. दोन्ही २००३ मध्ये आले. एएक्स आर्केडमध्ये पैसे टाकून खेळायचा, तर जीएक्स निन्टेंडोच्या गेमक्यूब या घरगुती कन्सोलवर. एफ-झिरो ही मालिका निन्टेंडोने १९९० मध्ये सुरू केली होती. या दोन खेळांची निर्मिती मात्र सेगाच्या अम्यूझमेंट व्हिजन या विभागाने केली. त्याचे प्रमुख तोशिहिरो नागोशी यांच्या नावावर ‘डेटोना यूएसए’ हा गाजलेला आर्केड खेळ आधीच जमा होता. नव्वदच्या दशकात कन्सोलच्या बाजारात एकमेकींशी झुंजलेल्या या कंपन्या सेगाने २००१ मध्ये कन्सोल बनवणे थांबवल्यावर एकत्र आल्या.

निन्टेंडो, सेगा व नामको यांनी मिळून घडवलेल्या ‘ट्रायफोर्स’ या आर्केड यंत्रांसाठीच्या सर्किट बोर्डावर एएक्स चालतो. हा बोर्ड गेमक्यूबच्याच रचनेवर बेतलेला असल्याने घरचा खेळ आर्केडपुढे फिका पडला नाही. शर्यतीची तीस वाहने (खेळात त्यांना यंत्रे म्हणतात) एकाच ट्रॅकवर, वेग ताशी हजार किलोमीटरच्या पुढे, आणि पडद्यावर सेकंदाला ६० चौकटी.

खेळाचा खरा कस ऊर्जापट्टीत आहे. जीएक्समध्ये दुसऱ्या फेरीपासून बूस्ट, म्हणजे वेगाची जादा झेप, मिळतो, पण तो टक्कर सोसायच्या ऊर्जेतूनच खर्च होतो. बूस्ट दाबत सुटलेला खेळाडू शेवटच्या वळणावर कठड्याला नुसता घासला तरी यंत्राचा स्फोट होऊ शकतो. ऊर्जा भरून घ्यायला ट्रॅकवरच्या झगमगत्या पट्टीवरून जावे लागते, आणि ती नेहमी सोयीच्या बाजूला असतेच असे नाही. शर्यतीआधी यंत्राचा कल लवकर वेग घेण्याकडे ठेवायचा की कमाल वेगाकडे, हेही खेळाडूच ठरवतो. एएक्समध्ये ऊर्जा संपली किंवा यंत्र ट्रॅकखाली कोसळले, तर दंड वेळेतून वसूल होतो. त्याच्या मोठ्या कॅबिनेटमधली हलणारी बैठक हा वेगळाच अनुभव.

दोन्ही खेळांना जोडणारा दुवा म्हणजे खेळातली प्रगती साठवणारे गेमक्यूबचे मेमरी कार्ड. ते आर्केड यंत्रात घालून खेळले, की एएक्समधली यंत्रे आणि सुटे भाग घरच्या खेळात नेता येत. जवळपास आर्केड नसलेल्यांना वाट खडतर होती : मालिकेचा नायक कॅप्टन फाल्कन याच्या नऊ प्रकरणांच्या कथेतले प्रत्येक प्रकरण सर्वांत कठीण पातळीवर जिंकावे, तेव्हा एएक्सचा एकेक चालक मिळे. ही पातळी निर्दय आहे, आणि जीएक्सला मान मिळतो तो बराचसा या कठोरपणामुळेच.

पुढे चाहत्यांना शोध लागला, की जीएक्सच्या डिस्कवर एएक्सही दडलेला आहे. अ‍ॅक्शन रिप्ले या खेळात फेरफार करणाऱ्या साधनाच्या कोडने तो गेमक्यूबवरही खेळता येतो.

२००४ मध्ये निन्टेंडोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या कन्सोलवर आलेल्या ‘एफ-झिरो क्लायमॅक्स’नंतर मालिकेत थेट २०२३ च्या ‘एफ-झिरो ९९’ पर्यंत नवा खेळ आला नाही. जून २०२५ मध्ये निन्टेंडोचा स्विच २ हा कन्सोल बाजारात आला, तेव्हा त्यावरील गेमक्यूब संग्रहातल्या पहिल्या खेळांत जीएक्सचा समावेश होता.